एल साल्वादोरमधली गर्भपातबंदी आणि शिक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंगच्या मुलींना 'रुग्णाची गुप्तता' हा विषय शिकवताना मी दरवर्षी एल साल्वादोरचं उदाहरण घेते. तास संपला तरी मुली उठत नाहीत, विचारतच राहतात. पुढे कुणाची आई, कुणाचा वकिली करणारा भाऊ फोन करून तेच प्रश्न विचारतो. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून काढली आहेत.

हा देश आहे तरी कुठे?

मध्य अमेरिकेत, पॅसिफिक महासागराच्या काठी. क्षेत्रफळ सुमारे २१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडं जास्त. लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास, राजधानी सान साल्वादोर, भाषा स्पॅनिश. लोक बहुतेक ख्रिस्ती, त्यात कॅथलिकही आणि इव्हँजेलिकलही. १९८० ते १९९२ अशी बारा वर्षं यादवी युद्धात होरपळलेला हा देश.

तिथे गर्भपात कोणत्याच कारणासाठी चालत नाही का?

कोणत्याच नाही. बलात्कारातून गर्भ राहिला तरी नाही, गर्भाला जगण्याची काडीमात्र शक्यता नसली तरी नाही, आईचा जीव जाण्याची वेळ आली तरी नाही. मुली इथे हमखास थांबवतात, "मॅडम, आईचा जीव जात असेल तरी?" हो, तरीही. कायद्यात तसा अपवादच लिहिलेला नाही. वाचवायचं ठरवणारा डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर वाचवतो आणि पुढे खटला उभा राहिला तर गरजेपोटी केलेली कृती म्हणून बचाव मांडू शकतो. रात्री दोन वाजता रक्तस्रावाची बाई समोर असताना किती डॉक्टर तो धोका पत्करतील, याचा विचार करा.

हा कायदा पहिल्यापासून असाच होता का?

नाही, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. १९७० च्या दशकातल्या दंडसंहितेत तीन अपवाद होते: आईचा जीव वाचवण्यासाठी, बलात्कारातून राहिलेला गर्भ, आणि गर्भात गंभीर व्यंग. युद्ध संपल्यावर नवी दंडसंहिता लिहायला घेतली तेव्हा हे अपवाद काढून टाकण्यासाठी मोठी मोहीम झाली. तेव्हाचे आर्चबिशप फेर्नांदो साएन्झ लाकाये आणि 'सी आ ला व्हिदा' म्हणजे 'जीवनाला होकार' नावाची संस्था त्यात आघाडीवर होती. सत्ताधारी आरेना पक्षाने साथ दिली. १९९७ मध्ये विधानसभेने संहिता मंजूर केली आणि एप्रिल १९९८ पासून ती लागू झाली.

तेवढ्यावर भागलं नाही. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात एक वाक्य घातलं गेलं, की गर्भधारणेच्या क्षणापासून प्रत्येक मानवी जीव ही राज्याच्या लेखी व्यक्ती आहे. घटनादुरुस्तीला तेव्हा लागोपाठच्या दोन विधानसभांची मंजुरी लागत असे. पहिली १९९७ मध्ये मिळाली, दुसरी फेब्रुवारी १९९९ मध्ये. त्यामुळे कायदा सैल करायला निघालेल्या माणसाला आजही आधी घटनेच्या पहिल्या पानाशी भांडावं लागतं.

कलमं कोणती आणि शिक्षा किती?

दंडसंहितेची कलमं १३३ ते १३७ गर्भपाताची आहेत.

स्वतः गर्भपात करणाऱ्या किंवा दुसऱ्याकडून करून घेणाऱ्या स्त्रीला २ ते ८ वर्षं कैद. तिच्या संमतीने तो करणाऱ्यालाही तेवढीच. संमतीशिवाय केला तर ४ ते १० वर्षं. डॉक्टर, औषधविक्रेता किंवा वैद्यकीय कामातल्या इतर कुणी केला तर ६ ते १२ वर्षं, आणि तितकाच काळ व्यवसाय करायला बंदी. बाईला त्यासाठी भरीस घालणाऱ्याला किंवा पैसे वगैरे पुरवणाऱ्याला २ ते ५ वर्षं; तो त्या गर्भाचा बाप असेल तर शिक्षा एक-तृतीयांशाने वाढते. हलगर्जीपणामुळे एखाद्या बाईचा गर्भ पाडणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षं.

या शेवटच्या कलमात एक सवलत आहे आणि ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाईच्या स्वतःच्याच निष्काळजीपणाने गर्भ पडला, किंवा तिने पाडायचा प्रयत्न केला आणि तो फसला, तर तिला शिक्षा नाही.

मग बातम्यांत ३० वर्षांच्या शिक्षा दिसतात, त्या कुठून आल्या?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. या शिक्षा गर्भपाताच्या कलमांखालच्या नाहीत. त्या कलम १२९ च्या आहेत, गंभीर स्वरूपाच्या खुनाच्या. मेलेली व्यक्ती आरोपीचं अपत्य असेल तर साध्या खुनाचा गंभीर खून होतो आणि शिक्षा ३० ते ५० वर्षं.

गर्भ बरेच महिने भरलेला असताना बाई घरी बाळंत झाली आणि मूल गेलं, की प्रकरण पहिल्या कागदावर 'गर्भपात' म्हणून येतं. चौकशी पुढे सरकते, सरकारी वकील म्हणतो की मूल जिवंत जन्मलं होतं आणि आईने मारलं किंवा मरू दिलं, आणि कलम बदलतं. मग वर सांगितलेली सवलत राहत नाही, आठ वर्षांची मर्यादाही राहत नाही. जुन्या संहितेत नवजात बाळाच्या मृत्यूबद्दल आईला वेगळी आणि बरीच सौम्य शिक्षा होती, तेही कलम नव्या संहितेतून काढून टाकलं. शिवाय खुनाच्या आरोपात कोठडीऐवजी जामिनावर सोडायची मुभा कायदा जवळपास देतच नाही, म्हणजे निकाल लागेपर्यंत बाई आतच.

तुलनेसाठी: आपल्याकडे मूल जन्मल्याचं लपवण्यासाठी मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याची कमाल शिक्षा २ वर्षं आहे.

पण मूल जिवंत जन्मलं होतं की मृत, हे ठरवतात कसं?

बऱ्याच खटल्यांत फुप्फुसं पाण्यात टाकून पाहायची चाचणी वापरली गेली. तरंगली तर बाळाने श्वास घेतला होता, बुडाली तर नव्हता. ही चाचणी सतराव्या शतकापासून चालत आली आहे. शव कुजायला लागलं की वायू तयार होतात आणि कधीही श्वास न घेतलेलं फुप्फुसही तरंगतं. कुणी बाळाला वाचवायला तोंडाने हवा भरली असेल तरी तरंगतं. तीस वर्षांची कैद ठरवायला हा पुरावा फार पोकळ आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि समजा बाळाने दोन श्वास घेतलेही. त्यावरून आईने मारलं हे कसं सिद्ध होतं?

बाई संडासात बाळंत झाली, तेव्हा तिला कळलंच नाही हे पटतं का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा सूरच संशयाचा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. या खटल्यांत अनेकींचं बाळंतपण खड्ड्याच्या संडासात झालेलं आहे, आणि फिर्यादी पक्षाने ते मूल 'टाकल्याचा' पुरावा मानलं.

बाळाचं डोकं खाली सरकलं की गुदाशयावर दाब येतो आणि बाईला शौचाला लागल्यासारखं वाटतं. लेबर रूममध्ये नवीन मुलींना पहिल्याच आठवड्यात बजावतो आम्ही: कळा देणारी बाई "सिस्टर, मला संडासला जायचंय" म्हणाली की तिला उठू देऊ नका, आधी तपासा. जिथे घरात बाथरूम नाही, अंगणाच्या टोकाला खड्डा आहे, जवळ कुणी जाणतं माणूस नाही, तिथे ती बाई कुठे जाणार? काहींचं बाळंतपण फार झपाट्याने होतं. रक्तदाब वाढलेला असेल, झटके आले, रक्त गेलं, तर बाई बेशुद्ध पडते आणि शुद्धीवर येते तेव्हा सगळं संपलेलं असतं. आपल्या गावांत काम केलेल्या कुठल्याही सुईणीला किंवा आशाताईला विचारा.

२०१६ मध्ये १८ वर्षांच्या एका मुलीच्या बाबतीत हेच झालं. बलात्कारातून गर्भ राहिला होता आणि दिवस गेलेत हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं ती सांगत राहिली. संडासात बाळंत झाली, बेशुद्ध पडली, आईने दवाखान्यात नेलं. २०१७ मध्ये तिला ३० वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून फेरखटला चालवायला सांगितला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती निर्दोष सुटली. तोवर तिचे तीस-एक महिने तुरुंगात गेले होते.

पोलिसांपर्यंत बातमी पोचते कशी?

बहुतेक वेळा दवाखान्यातून. एल साल्वादोरमधल्या 'नागरिक गट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेने २००० ते २०११ या काळातली न्यायालयांची दप्तरं तपासली. १२९ स्त्रियांवर गर्भपाताच्या किंवा त्यातून बदललेल्या खुनाच्या आरोपाखाली कारवाई झाल्याचं निघालं. त्यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी आरोग्य कर्मचाऱ्यांनी केलेल्या होत्या, आणि सगळ्या सरकारी किंवा सामाजिक विम्याच्या रुग्णालयांतून. खासगी रुग्णालयातून एकही नाही.

हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचून दाखवते. खासगी खोलीत झोपलेल्या बाईचा गर्भ पडत नाही असं थोडंच आहे? तिच्यावर फोन कुणी करत नाही, एवढंच.

डॉक्टर, नर्स तक्रार का करतात? ते दुष्ट आहेत का?

मला तसं वाटत नाही. घाबरलेले आहेत. कायदा त्यांना दोन तोंडांनी बोलतो. एका बाजूला दंडसंहितेचं कलम ३१२ आणि फौजदारी प्रक्रियेचे नियम म्हणतात की कामाच्या ओघात गुन्हा लक्षात आला तर कळवा, नाही तर दंड होईल. दुसऱ्या बाजूला त्याच प्रक्रियेत म्हटलंय की व्यावसायिक गुप्ततेखाली मिळालेली माहिती यातून वगळली आहे, आणि रुग्णाचं गुपित फोडणं हाही गुन्हा आहे. आता ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने यातलं काय ऐकायचं? कळवलं नाही तर 'सामील होता' असा ठपका येईल ही धास्ती, कळवलं तर आजवर कुणाला काही झालेलं नाही. मग फोन उचलला जातो.

आपल्याकडची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस, नोंदवायची सवय ज्यांच्या हाडीमाशी खिळली आहे त्यांना ही भीती लगेच समजते.

मॅन्युएला कोण होती?

मोरासान या डोंगराळ भागातली एक गरीब, निरक्षर बाई. दोन मुलगे होते, नवरा सोडून गेलेला, आईवडिलांसोबत राहायची. २००६-०७ पासून तिच्या मानेवर गाठी दिसत होत्या. आरोग्य केंद्रात दाखवलं तर दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या.

फेब्रुवारी २००८ मध्ये, दिवस भरत आलेले असताना, नदीवर कपडे धुताना ती पडली, असं कुटुंबाचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी घरच्या संडासात बाळंत झाली आणि बेशुद्ध पडली. सान फ्रान्सिस्को गोतेराच्या रुग्णालयात आणलं तेव्हा अंगावरून खूप रक्त गेलेलं होतं आणि रक्तदाब धोक्याच्या पातळीवर होता, ज्याला आपण प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतो. डॉक्टरने पोलिसांना कळवलं. पोलीस तिच्या घरी गेले, शोधाशोध केली, बाळाचा मृतदेह सापडला. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्याकडून एका कागदावर अंगठा उठवून घेतला. तो कागद पोटच्या मुलीविरुद्धची फिर्याद होती, हे त्यांना नंतर कळलं.

मॅन्युएलाला रुग्णालयातल्या खाटेलाच बेड्या घालून ठेवलं. ऑगस्ट २००८ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. आईची माया असती तर तिने मदत मिळवली असती, अशा धर्तीचा युक्तिवाद निकालात होता. ती बेशुद्ध होती ही गोष्ट त्यापुढे टिकली नाही. सरकारने दिलेल्या वकिलाने अपील केलं नाही. पुढच्या वर्षी निदान झालं: मानेवरच्या त्या गाठी हॉजकिन लिम्फोमाच्या, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाच्या होत्या. उपचार वेळेवर आणि नेमाने मिळाले नाहीत. ३० एप्रिल २०१० रोजी ती गेली, खाटेला हातकडी लावलेल्या अवस्थेत.

त्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने काय म्हटलं?

कोस्टा रिकातल्या सान होसे इथे आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालय आहे. २ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात त्याने एल साल्वादोर सरकारला दोषी ठरवलं. मॅन्युएलाची मनमानी अटक, पूर्वग्रहावर बेतलेला खटला, फोडलेलं वैद्यकीय गुपित, कोठडीत न मिळालेले उपचार, आणि या सगळ्याच्या टोकाला तिचा मृत्यू, यांची जबाबदारी राज्याची आहे, असं ठरलं.

आम्हा नर्सिंगवाल्यांच्या दृष्टीने आदेशातला मुख्य भाग असा. व्यावसायिक गुप्ततेचे नियम स्पष्ट करा, प्रसूतीच्या तातडीच्या प्रसंगांसाठी कार्यपद्धती लिहून काढा, आणि ते होईपर्यंत आरोग्य कर्मचाऱ्यांनी अशा स्त्रियांची माहिती पोलिसांना द्यायची नाही. याशिवाय आपोआप होणाऱ्या कोठडीला आणि नवजाताच्या मृत्यूबद्दलच्या प्रमाणाबाहेरच्या शिक्षेलाही कायद्यात आळा घाला, असं सांगितलं. गर्भपातबंदी उठवा, असं मात्र न्यायालयाने म्हटलेलं नाही. लोक यात गल्लत करतात.

बेआत्रीसचं प्रकरण याहून वेगळं कसं?

तिला अटक झाली नाही. तिला थांबवून ठेवलं. २२ वर्षांची, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेली, आधीच एका लहान मुलाची आई. २०१३ मध्ये दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि सोनोग्राफीत दिसलं की गर्भाला मेंदूच नाही. असं मूल जन्मल्यावर काही तासांपलीकडे जगत नाही. रुग्णालयाच्या वैद्यकीय समितीचं मत पडलं की गर्भधारणा थांबवावी. तेव्हाच्या आरोग्यमंत्री मारिया इसाबेल रोद्रिगेझ यांनीही तिची बाजू घेतली. पण हात लावायचा कुणी? बेआत्रीसने एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाकडे अर्ज केला. आठवड्यामागून आठवडे गेले, पोट वाढत गेलं. २८ मे रोजी पीठाने चार विरुद्ध एक मतांनी अर्ज फेटाळला. दुसऱ्याच दिवशी आंतर-अमेरिकी न्यायालयाने तिला वाचवण्यासाठी तातडीचा आदेश दिला आणि ३ जूनला सिझेरियन झालं. बाळ सुमारे पाच तास जगलं.

सरकारने या शस्त्रक्रियेला गर्भपात म्हटलं नाही, मुदतपूर्व प्रसूती म्हटलं. नाव बदललं तेव्हा कुठे सुरी उचलता आली.

बेआत्रीस २०१७ मध्ये एका अपघातानंतर वारली. आंतर-अमेरिकी न्यायालयातल्या तिच्या खटल्याचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. तिला झालेला त्रास हा प्रसूतीकाळातला हिंसाचार ठरला आणि अशा धोक्याच्या गर्भारपणात डॉक्टरांना निर्धास्तपणे काम करता येईल असे नियम करा, असा आदेश मिळाला. इथेही बंदीवर थेट बोट ठेवलेलं नाही.

गर्भ ट्यूबमध्ये असेल तर?

तो गर्भ कधीच वाढू शकत नाही, आणि ट्यूब फुटली तर बाई पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन मरते. आपल्याकडे निदान होताच इंजेक्शन किंवा ऑपरेशन. तिथल्या सरकारी रुग्णालयांत ठोके थांबण्याची किंवा ट्यूब फुटण्याची वाट पाहिली गेल्याचं डॉक्टरांनी स्वतः सांगितलेलं आहे.

पुरुषांना शिक्षा होते का?

कलमात आहे, वर सांगितलं. खटल्यांच्या यादीत मात्र बायकाच दिसतात, बहुतेक वयाने लहान, गरीब, थोडं शिकलेल्या किंवा अजिबात न शिकलेल्या.

तिथे राहणाऱ्या परदेशी बाईला हा कायदा लागू होतो का?

होतो. देशाच्या हद्दीत असलेल्या प्रत्येकाला फौजदारी कायदा लागू असतो. नोकरीसाठी किंवा प्रवासाला जाणाऱ्या गर्भवतीने हे माहीत करून घेतलेलं बरं.

अशा किती जणी तुरुंगात गेल्या आणि आज काय स्थिती आहे?

वर सांगितलेल्या १२९ पैकी ४९ जणींना शिक्षा झाली: २३ जणींना गर्भपाताबद्दल, २६ जणींना खुनाबद्दल. १ एप्रिल २०१४ रोजी 'नागरिक गटा'ने शिक्षा भोगणाऱ्या १७ जणींसाठी एकदम माफीचे अर्ज दाखल केले. 'लास १७', म्हणजे 'त्या सतरा जणी', हे नाव तिथपासून जगभर गेलं. पहिली माफी जानेवारी २०१५ मध्ये मिळाली, ती सतरांपैकी एकीलाच. बाकीच्यांसाठी एकेक खटला लढावा लागला.

तेओदोरा वास्केस यांचं नाव यात सगळ्यांना माहीत असतं. जुलै २००७ मध्ये त्या एका शाळेच्या खानावळीत काम करत होत्या, नऊ महिने भरत आलेले. कळा आल्या तशी त्यांनी आपत्कालीन क्रमांकावर पुन्हा पुन्हा फोन केला. मदतीची गाडी आली नाही. त्या बेशुद्ध पडल्या, मूल मृत जन्मलं, आणि आले ते पोलीस. ३० वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ती कायम ठेवली, दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, शिक्षेत सूट मिळून त्या बाहेर आल्या. दहा वर्षं आणि काही महिने गेले होते. निर्दोष म्हणून सोडलेलं नाही, भोगली तेवढी शिक्षा पुरे असं म्हणून सोडलं. बाहेर पडल्यावर त्यांनी सुटून आलेल्या बायकांची 'मुहेरेस लिब्रेस' नावाची संघटना उभी केली, कारण खुनाचा शिक्का घेऊन घरी परतलेल्या बाईला काम कोण देणार?

२०२४ च्या जानेवारीत, अशा प्रसंगांतून शिक्षा झालेली त्यांच्या माहितीतली शेवटची बाईही सुटली, असं 'नागरिक गटा'ने जाहीर केलं. एव्हाना सुटलेल्यांची संख्या सत्तरीपार गेली होती. कायद्यातलं एक अक्षरही तोवर बदललेलं नव्हतं, त्यामुळे नवी केस उभी राहायला अडचण कसलीच नाही.

कायदा बदलायचा प्रयत्न कुणी केला नाही का?

केला. २०१६ मध्ये एफएमएलएन या डाव्या पक्षाच्या आमदार लोरेना पेन्या यांनी चार कारणांसाठी सूट देणारं विधेयक आणलं. त्याच वर्षी आरेनाच्या एका आमदाराने उलट शिक्षा ५० वर्षांपर्यंत वाढवायचा प्रस्ताव आणला होता. २०१७ मध्ये आरेनाचेच जॉनी राइट सोल यांनी दोनच कारणांपुरता, म्हणजे आईचा जीव आणि अल्पवयीन मुलीवरचा बलात्कार एवढ्यापुरता, मवाळ मसुदा मांडला. २०१८ मध्ये त्या विधानसभेची मुदत संपली, मतदान झालंच नाही. नायिब बुकेले अध्यक्ष झाल्यावर काही जणांना आशा वाटत होती. पण सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी घटनादुरुस्तीत गर्भपाताचा विषय येणार नाही असं जाहीर केलं, आणि पुढच्याच महिन्यात बेआत्रीसच्या नावाने आलेला सुधारणांचा प्रस्ताव त्यांच्या पक्षाचं बहुमत असलेल्या विधानसभेने दप्तरी दाखल केला.

जानेवारी २०२५ पासून तिथे घटना बदलायला दोन विधानसभांची गरज उरलेली नाही. एकाच सभागृहात तीन-चतुर्थांश मतं पुरतात. म्हणजे मनात आणलं तर पहिलं कलम आता एका बैठकीत बदलता येईल. तसं मनात आणल्याचं दिसत नाही.

जगात असे आणखी देश आहेत का?

शेजारीच आहेत. निकाराग्वाने २००६ मध्ये पूर्ण बंदी आणली. होंडुरासने २०२१ मध्ये बंदी घटनेत अशी बसवली की ती हलवायला तीन-चतुर्थांश बहुमत लागावं. डॉमिनिकन प्रजासत्ताकातही बंदी आहे. त्याच खंडात अर्जेंटिनाने २०२० च्या अखेरीस आणि कोलंबियाने २०२२ मध्ये दार उघडलं, हेही सांगायला हवं.

मराठी-कानडी घरांत आयर्लंडचं नाव निघालं की बेळगावच्या सविता हलप्पनवार आठवतात. दंतवैद्य होत्या. सतराव्या आठवड्यात गर्भ पडू लागला होता, वाचणार नव्हता, पण ठोके सुरू आहेत म्हणून पिशवी रिकामी केली नाही. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेमध्ये जंतुसंसर्गाने त्या गेल्या. मे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडने घटनेतली बंदी काढली. सान साल्वादोरच्या रस्त्यांवर बायका आजही बेआत्रीसचं नाव तसंच घेतात.

भारतात गर्भपात पूर्ण कायदेशीर आहे ना?

'पूर्ण' म्हणू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार गर्भपात घडवणं हा अजूनही गुन्हा आहे, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्यात येते. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा त्यातून वाट काढून देतो: नोंदणीकृत डॉक्टरकडे, ठरलेल्या कारणांसाठी, २० आठवड्यांपर्यंत, बलात्कारपीडित, अल्पवयीन वगैरे गटांसाठी २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपर्यंत, गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही. अविवाहित स्त्रियांनाही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं.

आमच्या वॉर्डात गर्भपातानंतर रक्तस्राव होत असलेली बाई आली, तर पोलिसांना कळवायचं का?

आधी नाडी, रक्तदाब, सलाईन, डॉक्टरांना हाक. "काय घेतलंस? खरं सांग, नाही तर पोलिसांना बोलावते" असं तिला कधीही म्हणू नका. पुढच्या वेळी ती येणारच नाही.

गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव-गाव अनधिकृत माणसाला सांगणाऱ्या डॉक्टरला गर्भपात कायद्याच्या कलम ५-अ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नर्सनेही तीच शिस्त पाळायची. मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे. पण २०२२ च्या त्याच निकालात म्हटलंय की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर तिचं नाव आणि ओळख डॉक्टरने त्या अहवालात द्यायची गरज नाही. ही ओळ मी मुलींना वहीत लिहून घ्यायला लावते.

मॅन्युएला हे तिचं खरं नाव आहे का? तिच्या मुलांचं काय झालं?

खरं नाव नाही. निकालात तिचं आणि घरच्यांचं नाव छापलेलं नाही. तिचे आईवडील आणि दोन्ही मुलगे यांना भरपाई आणि उपचार, आणि मुलांना शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी, असा आदेश आहे. आई गेली तेव्हा दोघेही शाळेच्या वयाचे होते.